पुलाच्या अलीकडे

आमच्या घरात सवत आली ती यांच्या खिशात बसून. बेकरीच्या मालकानं सगळ्या ड्रायव्हरांना नवे फोन वाटले आणि प्रत्येक फोनात ती बया होती. ‘पुढे डावीकडे वळा.’ ‘आता उजवीकडे वळा.’ आवाज कसा, तर लोण्यात घोळवलेला. आमचे हे पावाची गाडी चालवतात. पहाटे बेकरीतून ट्रे भरून घ्यायचे आणि शहरभर दुकानांना पोचवायचे, उभा जन्म हेच काम. गल्ली न् गल्ली पाठ. लग्न झाल्यापासून मी शेजारच्या सीटवर बसून सांगत आले, अहो, इकडून घ्या, तिकडे गर्दी असते, पण ऐकलंय कधी? आणि तिनं म्हणायचा अवकाश, की वळलीच गाडी!

“तिच्याशीच करायचं होतंत लग्न,” मी एकदा म्हटलं.

“ती चिडत नाही,” हे म्हणाले.

घ्या! म्हणजे चिडायची सोय नाही आणि न चिडायची पण नाही.

मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं, वर चुण्या, खाली दुमड. माझं बोलणं जरा तिखट आहे असं आमची मुलगी म्हणते. असेल. कापड एकदा कापलं की कापलं. तिथे ‘बघू, करू’ चालत नाही. तीच सवय तोंडाला लागली आहे. हे मात्र मऊ स्वभावाचे. ताज्या पावात वावरून तसे झाले असतील.

तर एके दुपारी एका मोठ्या दिवाणखान्याचा पडदा माझ्या मशीनखाली होता आणि त्याचं दुसरं टोक हे धरून बसले होते. जड कापड असलं की कोणीतरी धरावं लागतं, नाहीतर टीप वाकडी जाते. मधेच म्हणाले, “अगं, मी त्या दिवशी खोटं बोललो. गाडी बिघडली नव्हती.”

“कुठल्या दिवशी?”

“उशीर झाला होता त्या दिवशी. फोन बंद पडला होता, आणि मला घर सापडेना.”

मला हसूच आलं. “कोणाचं घर?”

“आपलं.”

मी मशीनवरचा पाय काढला.

“चौकात गाडी लावून उभा होतो,” हे म्हणाले. “चारी रस्ते ओळखीचे वाटत होते. पण कुठला रस्ता कुठे जातो तेच आठवेना. शेवटी फळवाल्याला विचारलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. रोज त्याच्या समोरून जातो ना मी.”

टोक अजून हातातच होतं, घट्ट. आम्हा दोघांच्या मनात एकच माणूस होता. मामंजी. माझे सासरे. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते गेले, मग माणसं गेली. एका दुपारी घरातून निघून गेले आणि आम्ही सगळे दाराला कुलूप ठोकून चारी दिशांना शोधत सुटलो. आणि ते आपले आपण परत आले होते हो! शेजारच्या बाईनं खिडकीतून पाहिलं. कुलूप बघितलं आणि माघारी वळले. दुसऱ्या दिवशी सापडले, पण नंतर सावरले नाहीत. “मी आलो होतो, कोणी नव्हतं,” एवढंच म्हणत राहायचे. मला म्हणायचे, यांना म्हणायचे, भिंतीलाही म्हणायचे.

“मला एवढंच कळायला हवंय,” हे म्हणाले, “की त्या बयेनं माझं डोकं भाड्यानं घेतलंय, की बाबांचं माझ्याकडे आलंय.”

“डॉक्टरकडे जाऊ या.”

“जाऊ. पण आधी मला मलाच विचारू दे.”

आणि मग त्यांनी बेत सांगितला. यांची थोरली बहीण, आक्का, वर डोंगरात राहते. तरुणपणी, पक्का रस्ता व्हायच्या आधी, हे तिच्या घरून पायी निघायचे आणि नदीच्या कडेकडेनं जुन्या पुलापर्यंत यायचे. तीच वाट परत चालायची. एकट्यानं. फोन नाही, नकाशा नाही, घड्याळसुद्धा नाही. वाटेत मिळेल ते खायचं, अंधार पडेल तिथे पाठ टेकायची.

“या वयात?” मी म्हटलं. “गुडघ्यांना विचारलंत? जिना चढताना कठडा लागतो आणि निघाले डोंगर उतरायला. हा कसला म्हातारचळ—”

शब्द तोंडातून निसटला. नेहमी सहज म्हणतो तो शब्द आपण. त्या दिवशी तो विस्तव होता.

हे हसले. “तेच बघायला जायचंय ना,” म्हणाले.

मुलीला सांगितलं तर ती फोनवर अशी भडकली, की मी फोन कानापासून लांब धरला. ती लांबच्या शहरात असते. आमच्या घरात ती फोनातूनच नांदते. तिनं आणखी एक उद्योग केला. बटणाएवढं एक यंत्र पाठवून दिलं. ते खिशात असलं की माणूस कुठे आहे ते तिला तिकडे बसून दिसतं म्हणे. “आई, बाबांना सांगू नकोस. कोटात शिवून टाक. तुला काय, दोन मिनिटांचं काम.”

दोन मिनिटांचंच होतं. हे बेकरीत गेले होते. मी यांच्या करड्या कोटाची कॉलर उसवली, बटण आत ठेवलं आणि अशी बारीक टीप मारली, की मलाही शोधून सापडली नसती. कोट खुंटीला अडकवला. कामाला बसले. पण लक्ष लागेना. सारखी नजर आपली कोटाकडे. हा माणूस एवढं धाडस गोळा करून स्वतःला तपासायला निघालाय आणि मी त्याच्या मानेवर पहारा बसवतेय. म्हणजे तो नापास झाला असं मी आधीच ठरवून टाकलंय. संध्याकाळ व्हायच्या आत मी कोट परत उतरवला, टीप उसवली, बटण काढून सुयांच्या डब्यात टाकलं. मुलीला म्हटलं, शिवलं, पण डोंगरात सिग्नल नसतो, जागचं हललेलं दिसलं नाही तरी घाबरू नकोस. देव मला क्षमा करो. तिला झोप लागायला हवी होती.

आता प्रश्न उरला भेटायचं कुठे. तुम्ही म्हणाल यात काय एवढं. पण खरं सांगा, शेवटचं कधी ठरवलंत तुम्ही? हल्ली ‘पोचलात की फोन करा’ यापलीकडे कोणी काही ठरवतं का? आम्हीही सगळं विसरलो होतो. त्यात यांची अट, की मीही फोन घरीच ठेवायचा. नाहीतर हे कुठेतरी अडले, की कोणाचा तरी फोन मागून मला विचारणार, मग परीक्षा कसली?

हे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बुटांना पॉलिश करत बसले होते. मी भांडी विसळत होते.

“शनिवारी पुलापाशी ये,” म्हणाले. “मी दुपारपर्यंत पोचेन.”

“पुलापाशी म्हणजे कुठे? पूल केवढा लांब आहे.”

“पुलाच्या अलीकडे.” बुटावर फुंकर मारली. “अलीकडे थांब. आणि हे बघ, मला उशीर झाला तरी जागची हलू नकोस. शोधायला निघू नकोस. मी यायचो आणि तू नसायचीस, असं नको.”

“नाही हलणार. आणि तुम्हीही पोचलात, की तिथंच बसायचं. इकडे तिकडे बघायला जायचं नाही.”

“नाही जाणार.”

“शब्द?”

“शब्द,” हे म्हणाले, आणि पॉलिशनं काळा झालेला हात माझ्या ओल्या हातात दिला. ते डाग आठवडाभर निघाले नाहीत. मीही फार घासले नाहीत म्हणा.

हे गेले आणि मी माझा फोन शेजारणीकडे ठेवून दिला. मुलीचा फोन आला की शेजारीण निरोप घेऊन यायची आणि तासभर बसायची. इतक्या वर्षांत तिच्या घरच्या खिडक्यांचं माप मला माहीत होतं, तिच्या गुडघ्याचं दुखणं माहीत नव्हतं. सुरुवातीला हात आपला उगाच ओट्यावर फोन चाचपायचा. नंतर सोडून दिलं त्यानं. दुपारी मशीन थांबलं, की घर एवढं शांत व्हायचं, की नळाचा थेंबसुद्धा पाहुणा आल्यासारखा वाटायचा. मला ते आवडायला लागलं होतं. उगाच कशाला खोटं बोलू? आणि त्याच शांततेत मला यांची अशी काही आठवण यायची, की नव्या नवरीला येत नसेल.

शनिवारी मी बसमध्ये बसले. पिशवीत पाव, उकडलेली अंडी, यांचा धुतलेला शर्ट. पूल जवळ आला तसं कंडक्टरनं विचारलं, “कुठे उतरणार? पुलाच्या अलीकडे की पलीकडे?”

आणि मी विचार करत बसले.

माझं असं होतं, की हल्ली यांचं बोलणं मी तपासूनच घेत होते. हे साखर म्हणाले, की मी विचारायची, मीठ तर नाही ना? हे मंगळवार म्हणाले, की मी कॅलेंडर बघायची. प्रेमानंच हो, पण सवय लागली. तसंच आताही झालं. हे ‘अलीकडे’ म्हणाले होते खरे. पण येणार डोंगराकडून. डोंगराकडून येणाऱ्या माणसाची अलीकडची बाजू म्हणजे डोंगराकडची. आपल्यासाठी ती पलीकडे. यांच्या मनात ती बाजू असणार, तोंडातून नुसतं अलीकडे निघालं असणार. बिचाऱ्यांना कळलंही नसेल. मी कापड बेतल्यासारखं सगळं मनात बेतलं आणि ठणकावून म्हणाले, “पलीकडे!”

बस पुलावरून गेली. जुना दगडी पूल, मधे एवढा उंच, की या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नाही. पलीकडच्या टोकाला एक चहाची टपरी आणि बाक. मी बाकावर बसले, डोंगराच्या रस्त्याकडे तोंड करून.

टपरीवाली बोलकी निघाली. मी पाणी पिते न पिते तोवर तिनं माझं सगळं काढून घेतलं. मी विचारलं, “पुलाच्या त्या टोकालाही टपरी आहे ना?” तर तिचा चेहराच फिरला.

“त्या बाजूचं मला विचारू नका, मावशी. तिकडे माझी थोरली जाऊ बसते.”

“बोलत नाही का तुम्ही?”

“तिचा नंबरसुद्धा बंद करून टाकलाय मी.”

जावा जावा आणि उभा दावा, दुसरं काय. मी त्यात पडले नाही. मला माझंच पुष्कळ होतं.

दुपार झाली. दुपार टळली. रस्त्यावरून शेळ्या आल्या, सायकली आल्या, पाठीवर दप्तर टाकलेल्या दोन मुली आल्या. हे आले नाहीत. प्रत्येक टोपी लांबून यांचीच वाटायची आणि जवळ आली, की दुसऱ्याची व्हायची. मी स्वतःला समजावलं, गुडघे आहेत, वेळ लागणारच. मग मोटरसायकलवरून एक दूधवाला उतरला, चहा घ्यायला. मी त्याला विचारलं.

“करडा कोट? टोपीवाले काका?” तो म्हणाला. “दिसले की! काल वरच्या वळणावर होते. चुकीच्या वाटेनं चालले होते. मी सांगितलं त्यांना.”

“मग?”

“मग वळले. पण मग आज ते इथे सकाळीच यायला हवे होते, मावशी. तिथून उतारच आहे सगळा.”

चुकीच्या वाटेनं. सकाळीच. म्हणजे परत चुकले. म्हणजे आता कुठल्यातरी चौकात, नाही, चौकसुद्धा नाही तिथे, कुठल्यातरी उजाड माळावर उभे असतील, चारी बाजू ओळखीच्या वाटत असतील. आणि विचारायला फळवालाही नाही. मला त्या बटणाची आठवण झाली. सुयांच्या डब्यात पडलेलं. मोठी आली मान राखणारी! मान राखला आणि माणूस घालवला. बाकावर बसल्या जागी मी स्वतःला अशा शिव्या घातल्या, की टपरीवालीला कळल्या असत्या तर तिनं कान झाकले असते.

“मावशी, त्या टोकाला पोलीस चौकी आहे,” ती म्हणाली. “सांगून तर ठेवा. अंधाराच्या आत शोधतील तरी.”

“मी हलणार नाही. मी शब्द दिलाय.”

“अहो पण—”

“ते येतील आणि मी नसेन!” मी ओरडलेच. तिचा काय दोष? पण मामंजींचं ते वाक्य माझ्या कानात घुमत होतं. शोधायला गेले तर शब्द मोडतो, बसून राहिले तर माणूस हातचा जातो. ऊन पुलाच्या कठड्यावर चढायला लागलं होतं. मी उठायची, परत बसायची, परत उठायची. शेवटी टपरीवालीनंच तोडगा काढला. गॅस बंद केला, हात पुसले आणि येऊन माझ्या बाकावर बसली.

“माझ्या अंगावर तुमची शाल टाका,” म्हणाली. “ते आले तर मी धरून ठेवते त्यांना. उठून जाऊ देत नाही. तुम्ही जा.”

काय म्हणावं अशा बाईला! मी तिच्या खांद्यावर शाल टाकली, पिशवी उचलली आणि निघाले.

पुलाचा चढ चढताना मी चौकीत काय सांगायचं ते घोकत होते. साहेब, माझा नवरा हरवलाय. हे पहिलं वाक्य. तेच जिभेवर येईना. ते सोडून पुढचं घोकलं. उंची बेताची. करडा कोट, डोक्याला टोपी. पाठीत जरासे वाकलेले. बसले की उजवा पाय लांब सोडतात, गुडघा दुखतो म्हणून. शीळ घालतात, सूर लागत नाही, पण घालतात. आता हे शेवटचं पोलिसाला कशाला सांगायचं, असं मनात आलं आणि मी पुलाच्या उंचवट्यावर पोचले.

खाली त्या टोकाला, टपरीच्या बाकावर, एक माणूस बसला होता. उंची बेताची. करडा कोट. उजवा पाय लांब.

मी हाक मारली. मला वाटतं नदीपार गेली असेल ती. त्यांनी वर बघितलं. हात हलवला. पण उठले नाहीत!

“अहो, या ना इकडे!”

“तूच ये!” खालून ओरडले. “मी हलायचं नाही असं ठरलंय!”

मी धावले. या वयात, या पायांनी, एवढा उतार धावले. पोचल्या पोचल्या आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडले. कोटाला धुराचा, घामाचा, ओल्या गवताचा वास येत होता. दाढी मात्र गुळगुळीत केलेली होती.

“कुठे होतीस?” हे म्हणाले. “मी सकाळपासून बसलोय, त्या टोकाची टपरी उघडलीही नव्हती तेव्हापासून. बस गेली तेव्हा फक्त खाली नदीवर दाढी करायला गेलो होतो, तुझ्यासमोर भूत होऊन कसं यायचं म्हणून. तेवढंच. मग म्हटलं तू आलीच नाहीस. मग म्हटलं मीच वार चुकलो. मग या बाईंना दहादा विचारलं, आज शनिवारच ना?”

“दहादा नाही, वीसदा,” थोरली टपरीवाली आतून म्हणाली. “शनिवारच आहे, काका.”

“मी तिकडे होते,” मी म्हटलं. “पलीकडे. तुम्हीच म्हणालात ना!”

“मी अलीकडे म्हणालो होतो.”

“हो, पण तुम्ही येणार डोंगराकडून. तुमची अलीकडची बाजू ती.”

“पण बोललो कुठे? घरात बसून बोललो ना? घरातून बघितलं तर अलीकडची बाजू ही.”

“बरोबर आहे काकांचं,” थोरली म्हणाली. तिला कोणी विचारलं होतं?

मी आणखी एक मुद्दा काढणार होते. तोंड उघडलं होतं मी. आणि तेवढ्यात मला कळलं, की आपण काय करतोय. अगं बये, तू हे भांडण जिंकलीस तर काय होईल? तू बरोबर ठरलीस, तर हे चूक ठरतील!

आणि हे चूक नव्हतेच. वार बरोबर. जागा बरोबर. दिलेला शब्द असा पाळलेला, की मला समोर बघूनसुद्धा बाकावरून उठले नाहीत. चुकले होते ती मी. घरात बसून माणसानं सरळ मराठीत एक शब्द सांगितला, आणि मी तो आहे तसा घेतला नाही. आतून उसवून, उलटा करून, माझ्या मापानं परत शिवला.

“मी चुकले,” मी म्हणाले. आणि म्हणताना मला इतका आनंद झाला, इतका, की काय सांगू! “अहो, मी चुकले! माझीच चूक!” थोरलीला सांगितलं. चौकीच्या दारात हवालदार उभा होता, त्यालाही ओरडून सांगितलं, “साहेब, मी चुकले हो!” तो बिचारा टोपी सारखी करत आत गेला. त्याला वाटलं असेल काही गुन्हा कबूल करतेय.

मग चहा आला. हे पाव आणि अंडी अशी खायला लागले, की जन्मात पाहिली नसावीत. खाता खाता सांगत होते. आक्कानं निघताना रडून गोंधळ घातला. पहिल्या रात्री मेंढपाळांच्या आडोशाला झोपले. त्यांचं कुत्रं दोन दिवस सोबत चाललं आणि एका ओढ्यापाशी न सांगता परत गेलं. नदीचा आवाज डाव्या कानाला ठेवायचा आणि चालायचं, एवढाच नियम. “मला वाटलं होतं सगळं आठवेल,” म्हणाले. “नाही आठवलं गं. पायांना आठवायचं, मला नाही. आणि एक खडक होता, तो मला नावानं आठवला. म्हणजे आक्कानं आणि मी तेव्हा ठेवलेलं नाव. मी त्याच्यापाशी बसून मोठमोठ्यानं हसलो.”

“आणि वरच्या वळणावर चुकलात,” मी म्हटलं. “दूधवाला भेटला मला.”

“चुकलो. नदी उजव्या कानाला यायला लागली. तेव्हाच मला संशय आला, की चुकलोय. तो दूधवाला यायच्या आधीच मी थांबून विचार करत होतो.” पाव हातात तसाच राहिला. “बाबांना ते कळायचं नाही, बघ. आपण चुकलोय हे त्यांना कळायचंच नाही.”

मी आणखी एक अंडं सोलून दिलं. डॉक्टरकडे तर जायचंच आहे. तो काय सांगायचं ते सांगेल, आणि पुढे जे व्हायचं ते होईल. ते मी नाकारत नाही. एका पुलावरून मी सगळं आयुष्य तोलत नाही.

एवढ्यात धाकटी टपरीवाली माझी शाल पांघरून पुलावरून धावत आली. तिला माझी हाक ऐकू गेली होती आणि राहवेना. थोरलीनं तिला बघितलं. एक कप पुढे सरकवला. आता जुळतंय असं मला वाटलं, तर धाकटीनं घोट घेतला आणि म्हणाली, “अजून एवढीच साखर घालतेस का?” झालं! दोघींची अशी जुंपली, की आमचं कोणाला भानच राहिलं नाही.

त्या गोंधळात हे माझ्याकडे सरकले. कप खाली ठेवला. त्यांचा हात गार होता आणि नखांत माती होती. मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, “म्हणजे मी नीट सांगितलं होतं?”

“नीट सांगितलं होतंत.”

“आणि नीट आलो?”

“नीट आलात. सांगितल्या दिवशी, सांगितल्या जागी.”

हे पुलाकडे बघत राहिले. हनुवटी थरथरत होती. इतके महिने हा माणूस रोज पहाटे किती घाबरून गाडीत बसत असेल, ते मला त्या हनुवटीकडे बघून कळलं.

“परत सांग,” हे म्हणाले.

मी परत सांगितलं.